मुलाच्या घरी कोण जाणार?

मित्रहो, अमेरिकेतले पहिले बालन्यायालय जुलै १८९९ मध्ये शिकागोत सुरू झाले. इलिनॉय राज्याच्या कायद्याने या न्यायालयाला परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) नेमण्याची मुभा दिली होती. मात्र त्यांना सरकारी तिजोरीतून पगार मिळणार नाही, अशी तरतूदही त्याच कायद्यात होती. मुलाला कोठडीत न धाडता घरी ठेवायचे आणि कोणीतरी त्याच्यावर लक्ष ठेवायचे, हे या व्यवस्थेचे मर्म; आणि नेमके तेच काम फुकटात व्हावे, अशी अपेक्षा होती. अखेर ‘हल हाउस’ या शिकागोतल्या समाजसेवा केंद्राभोवती जमलेल्या स्त्रियांनी निधी उभा करून हे पगार भागवले. त्यांतल्या पहिल्या अधिकारी अल्झिना स्टीव्हन्स. लहानपणी कापडगिरणीत काम करताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी तुटली होती; पुढे त्या कामगार चळवळीत आल्या आणि कारखान्यांच्या साहाय्यक निरीक्षकही झाल्या. चोरीत सापडलेल्या पोराच्या घरची चूल कशी पेटते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या मायेच्या व्यवस्थेत धाकही होताच. १९६४ साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून ताब्यात घेतले गेले. आई कामावर होती आणि तिच्यासाठी घरी साधा निरोपही ठेवला नव्हता. प्रौढाला ज्या गुन्ह्यासाठी फार तर पन्नास डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती, त्यासाठी या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत ठेवण्याचा आदेश निघाला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आयोगाने किरकोळ प्रकरणे न्यायालयाबाहेर, स्थानिक युवा सेवा केंद्रांकडे वळवावीत, अशी शिफारस केली. कल्पना चांगली होती. पण एरवी शिपायाने दोन शब्द सुनावून सोडून दिले असते, अशी पोरेही त्यामुळे कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाच्या नोंदवहीत अडकू लागली.

देखरेखीच्या या नोकरीत स्त्रियांच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी स्त्रिया आणि मुलेच येत. पॅरोलवर सुटलेल्या पुरुषांची प्रकरणे पुरुष अधिकाऱ्यांकडे राहत. रोजगारातील भेदभावाविरुद्धचा कायदा १९७२ मध्ये राज्य आणि स्थानिक सरकारांनाही लागू झाला, तेव्हा ही वाटणी हळूहळू ढिली होत गेली. (पोरे सांभाळणे हे बायकांचे काम, मग त्याला वेगळे मोल कशाला, हा विचार मात्र आपल्याकडे आयात करावा लागला नाही.)

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात शक्य तेथे न्यायालयीन कारवाई टाळण्याचे तत्त्व स्पष्टपणे नोंदवले आहे. अतिगंभीर गुन्हा नसेल आणि प्रौढ साथीदारही नसेल, तर २०१६ च्या नियमांनुसार एफआयआर न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा. या मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावीच लागते. परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मोबाइल चोरणारे पोर शाळा सोडून किती दिवस झाले, रात्री घरी कोण असते, कमावणारे कोण, कर्ज कोणाचे, हे सारे त्यात यायला हवे. आणि ते घरी जाऊन, आईशेजारी बसून विचारल्याशिवाय कळत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या जामिनात तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट आली, तेव्हा लोकांचा संताप झाला आणि तो रास्तच होता. पण त्या गदारोळात किरकोळ गुन्ह्यातल्या गरीब मुलांसाठीची ही सगळी वाटच थट्टेचा विषय झाली. निबंधाची चर्चा आपण पुष्कळ केली; त्याच आदेशातल्या समुपदेशनाच्या आणि वाहतूक पोलिसांबरोबर काम करण्याच्या अटींवर देखरेख कोण ठेवणार होते, याची चर्चा क्वचितच झाली.