शिट्टीतून निघालेलं वाद्य

नमस्कार श्रोतेहो. आज एक फ्रेंच अल्बम. फ्रान्सचा नव्हे, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला. साल १९७६. गटाचं नाव एत सेतेरा, अल्बमचंही तेच. बाज प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे ताल मध्येच पालटणार, दोन-तीन गळे एकमेकांत गुंतणार. पण मला बोलायचंय ते गायिका मारी बेर्नार यांनी वाजवलेल्या वाद्याबद्दल. त्याचं नाव ओंद मार्तनो. परत ऐका, ओंद मार्तनो.

त्याची गोष्ट रेडिओवरच सांगायला हवी. मोरिस मार्तनो हा फ्रेंच गृहस्थ मूळचा चेलोवादक. पहिलं महायुद्ध आलं आणि त्याच्या वाट्याला बिनतारी संदेशांचं काम आलं. तुमच्यापैकी ज्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ वापरलाय, त्यांना दोन स्टेशनांच्या मधली ती शिट्टी आठवत असेल. बटण जरा फिरवलं की वर चढणारी, जरा मागे घेतलं की उतरणारी. आपण वैतागायचो. मार्तनोच्या कानावरही असलेच आवाज पडत होते, पण कान चेलोवाल्याचा! त्याला ऐकू आला न तुटणारा स्वर. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, मधली एकही जागा न सोडणारा.

युद्ध संपलं, शिट्टी डोक्यातून जाईना. बरीच वर्षं खटपट केली आणि १९२८ साली पॅरिसच्या ऑपेरात स्वारी वाद्य घेऊन उभी राहिली. वाद्य एकीकडे, वादक त्यापासून चार पावलं लांब! बोटात अंगठी, अंगठीला दोरी, दोरी वाद्यात गेलेली. दोरी ओढायची, सैल सोडायची, की सूर चढतो-उतरतो. पुढे त्याने वादकाला वाद्यापाशी बसवलं आणि समोर पट्ट्याही दिल्या, पण अंगठी काही सोडली नाही. शिवाय पट्टी आडवी हलवली की सूर थरथरतो.

तर उजव्या हाताला अंगठी, डाव्या हाताला एक खटका. पुन्हा सांगतो, उजवीकडे अंगठी, डावीकडे खटका. अंगठी सूर ठरवते. खटका जितका दाबाल तितका आवाज मोठा, आणि सोडलात की गप्प. आत विजेच्या दोन लहरी असतात, त्यांच्यातला फरक आपल्याला ऐकू येतो. यापेक्षा खोलात मी जात नाही.

असं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं म्हणजे आपली मींड, आणि मींड म्हटलं की मला आपली पेटी आठवते. तिच्यातून मींड निघत नाही म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवलं. मींड निघत नाही हे खरं, पण गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकलेल्याला हे सांगायला जाऊ नये. गंमत म्हणजे त्याच क्वेबेकमध्ये, एत सेतेराच्याच सुमाराला, हार्मोनियम नावाचा एक नामांकित गट होता. बंदी घालणाऱ्यांना कुणी कळवलं होतं की नाही, कोण जाणे.

असो. ओंद मार्तनो असलेली सर्वांत गाजलेली रचना केली ती फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांनी, ‘तुरंगलीला’. पहिला प्रयोग बॉस्टनमध्ये, १९४९ साली. नाव ओळखीचं वाटलं ना? शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तला ताल आहे तो, आणि शार्ङ्गदेव आपल्या देवगिरीच्या यादवांच्या पदरी होता! दौलताबादला सहली नेणारे गाइड तोफा दाखवतात, भुयार दाखवतात, शार्ङ्गदेवाचं नाव मात्र मी तरी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तर एत सेतेरा. आता लावतोय त्या गाण्याचं नाव ‘न्यूटनचं बरोबर होतं’. गळे, बासरी, गिटार ओळखता येतील. त्यात एखादा आवाज श्वास घ्यायला कुठेच न थांबता सुरावरून सुरावर सरकला, तर आधी बेर्नारबाईंच्या अंगठीवर संशय घ्या.