शेजारचं शेत

नमस्कार श्रोतेहो.

शहराच्या कडेचं एखादं शेत विकलं गेलं की तिथे आधी काय येतं, पाहिलंय कधी? घरं फार नंतर येतात. आधी जेसीबी येतो, वरची वीतभर माती खरवडून कडेला ढीग लावतो आणि मोकळ्या जागेवर खडी-मुरूम पडतो. शेत म्हणतो ते खरं तर तो वीतभर थरच. इंचभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, आणि ती जाते अर्ध्या दिवसात.

पण मला आज बोलायचंय ते त्याच्या शेजारच्या शेताबद्दल, जे अजून विकलेलं नाही. बांधापलीकडे भिंत उभी राहते आणि पाण्याचा उतार अडतो. मग पावसाळ्यात पाणी तुंबून उभं पीक पिवळं पडतं. ट्रॅक्टर न्यायची वाट बंद होते. नव्या घरांतून शेणखताच्या वासाची तक्रार येते. आजूबाजूची शेती घटली की अवजारं दुरुस्त करणाराही दुकान हलवतो. आणि याहून वाईट म्हणजे शेतकऱ्याचा हात आखडतो. पाच-सहा वर्षांनी फळ देणारी बाग आता लावावी का? विहिरीतला गाळ काढावा का? ‘उद्या विकावंच लागणार, मग कशाला?’ सातबारा बदलायच्या कितीतरी आधी शेती मनातून सुटलेली असते.

म्हणून ‘जमीन विकू नका’ असं शेतकऱ्याला नुसतं बजावणं मला अन्यायाचं वाटतं. आजारपण, कर्ज, मुलांची शिक्षणं, या सगळ्याला त्याच्याकडे तीच एक ठेव असते. तिच्यावर बंधन घालायचं, तर मोबदलाही द्यायला हवा.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने १९७३ साली कायदा करून शेतजमीन राखीव केली, सुमारे ४७ लाख हेक्टर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगनने शहरांच्या वाढीला हद्द घालणारा कायदा केला. पण मला जास्त पटते ती अमेरिकेतल्याच मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वाट. तिथे १९८० मध्ये शेतीच्या पट्ट्यात २५ एकरांमागे एकच घर, असं बंधन आलं. बदल्यात शेतकऱ्याला दर ५ एकरांमागे बांधकामाचा एक हक्क मिळाला. तो हक्क बिल्डर विकत घेतो आणि त्यावर दुसरीकडे, ठरवून दिलेल्या भागात जास्त घरं बांधतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, जमीन त्याचीच राहते, आणि ती पुढेही शेतीचीच राहते.

शहराचा आराखडा हरकतींसाठी खुला झाला की आपण आपल्या दारासमोरचा रस्ता किती रुंद होतोय, तेवढंच बघतो. या वेळी कडेची शेतंही बघा. पाण्याचा ओढा, ट्रॅक्टरची वाट नकाशात दाखवलीय का, ते एखाद्या शेतकऱ्याला सोबत घेऊन तपासा. नसेल, तर मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या.

नमस्कार.