कापडावरचे घोडे पळू लागतात तेव्हा

(दृश्य: काळा पडदा हळूहळू उजळतो. खरबरीत कापडाचा पोत. एक सुई वर येते, खाली जाते. आवाज फक्त लोकरीचा धागा कापडातून ओढला जाण्याचा.)

फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडीत, बायो नावाचं एक लहानसं शहर आहे. त्या शहराने एक कापड शतकानुशतकं जपलंय. लांबी जवळजवळ ७० मीटर, उंची जेमतेम अर्धा मीटर. जग त्याला ‘बायो टॅपेस्ट्री’ म्हणतं, पण खरं तर टॅपेस्ट्रीत चित्र मागावर विणलेलं असतं आणि हे चित्र हाताने भरलेलं आहे. जवसाच्या धाग्याचं लिनन, त्याचे नऊ तुकडे एकमेकांना जोडलेले, आणि त्यावर रंगीत लोकरीचे टाके. म्हणजे आपल्या भाषेत हा कशिदा. कुणाच्या हातांनी भरला, त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

या ७० मीटरमध्ये सहाशेहून अधिक माणसं आहेत, दोनशेच्या आसपास घोडे आहेत, ४१ जहाजं आहेत. गोष्ट आहे १०६६ सालची. इंग्लंडचा राजा एडवर्ड जानेवारीत वारला आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या हॅरोल्ड या बड्या सरदाराने मुकुट चढवला. गादी आपल्याला कबूल केली होती, असं म्हणत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून आला, आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ लढाई झाली.

(दृश्य: कॅमेरा कापडाच्या कडेने डावीकडून उजवीकडे सरकतो. पायांचा आवाज, कुणीतरी चालत कापड पाहतंय असा.)

हे कापड एका जागी उभं राहून पाहताच येत नाही. चालावं लागतं. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या चित्रकथीमध्ये आपण बसलेले असतो आणि चित्रं एकामागून एक पुढे येतात, सोबत गाणं आणि कथन. इथे उलटं आहे. चित्र जागेवर, बघणारा चालता. त्याच्या पावलांच्या वेगाने गोष्ट पुढे सरकते.

लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या एका विद्यार्थ्याने अभ्यासाचा प्रकल्प म्हणून या कापडाचं ॲनिमेशन केलं. धूमकेतू दिसतो तिथून सुरुवात आणि हेस्टिंग्जच्या रणांगणावर शेवट. पुढे त्याला नवं संगीत आणि ध्वनी जोडले गेले. जेमतेम चार-साडेचार मिनिटांचं काम, पण जगभर पाहिलं गेलं. ते पाहताना एक गोष्ट मनात पक्की बसते: ही चित्रं थांबलेली नव्हतीच.

(दृश्य: एका घोड्याचा क्लोज-अप. धड गडद निळं. अलीकडचे दोन पाय निळे, पलीकडचे दोन पाय तांबडे.)

हा घोडा नीट बघा. धड निळं, पण चारांपैकी दोन पाय वेगळ्याच रंगाचे. भरणाऱ्यांची ही चूक नव्हे. त्यांच्याकडे छायाप्रकाश नव्हता, अंतर दाखवायला लहान-मोठ्या आकारांची युक्तीही नव्हती. मग अलीकडचा पाय कोणता आणि पलीकडचा कोणता, हे सांगायचं कसं? रंग बदलून. रंग तरी कुठून आणायचे? मोजक्या वनस्पतींमधून. मंजिष्ठेच्या युरोपातल्या भावंडापासून तांबडा, वेल्ड नावाच्या रोपापासून पिवळा, आणि वोडच्या पानांपासून निळा. वोडमधून निघणारा रंग आणि आपल्या निळीतला रंग, दोन्ही एकच.

आज ॲनिमेटर घोडा चालवायला घेतो तेव्हा आधी त्याचे भाग सुटे करतो. डोकं, मान, धड, प्रत्येक पाय. प्रत्येक भागाला आपला लेयर, म्हणजे वेगळा थर, आणि प्रत्येक सांध्याला फिरण्याचा बिंदू. पाय उचलला की त्याच्या मागे कापडात भोक पडतं, ते लिननच्या पोताने बुजवावं लागतं. हे किचकट काम आहे, तासन्‌तास चालतं. पण अलीकडचे आणि पलीकडचे पाय सुटे करण्याचं काम कुणीतरी नऊशे वर्षांपूर्वीच करून ठेवलंय. तांबडा पाय उचलायचा, निळा टेकवायचा, की घोडा चालायला लागतो.

(ध्वनी: टापा. आधी सावकाश.)

हेस्टिंग्जकडे निघालेलं नॉर्मन घोडदळ पाहा. डावीकडचे घोडे चालतायत. थोडं पुढे ते दुडक्या चालीवर येतात. आणखी पुढे चौखूर. बोट ठेवून उजवीकडे नेत गेलात तर वाटतं, हे वेगवेगळे स्वार नाहीतच. एकाच स्वाराचे लागोपाठचे क्षण आहेत, शेजारीशेजारी मांडलेले. ॲनिमेटर ज्याला फ्रेम म्हणतो, तीच ही गोष्ट.

इथे एक मोह आवरावा लागतो. सेकंदाला २४ चित्रं मोजून हालचाल अगदी गुळगुळीत करता येते. पण मग हे घोडे रबराचे वाटतात. सेकंदाला बारा, कधी आठच चित्रं ठेवली तर हालचालीला एक बारीक हिसका राहतो, आणि तो लोकरीला शोभतो. टाक्यांचंही तसंच. रंगाची जागा भरताना आधी एका दिशेने धागे पसरलेत, त्यांवर आडवे धागे टाकून बारीक टाक्यांनी ते कापडाला बांधलेत. त्यामुळे प्रत्येक रंगाला एक वळण आहे. घोड्याचा पाय वळला तर ते वळणही पायासोबत वळलं पाहिजे. नाही वळलं तर डोळ्याला लगेच खटकतं, का खटकतंय ते कळलं नाही तरी.

(दृश्य: वरच्या पट्टीत शेपटीचा तारा. खाली पाच-सहा माणसं, माना वर, बोटं आकाशाकडे.)

इस्ती मिरान्त स्तेल्ला. हे लोक ताऱ्याकडे आश्चर्याने बघतायत, असं लॅटिन अक्षरांत वर भरलंय. हा हॅलेचा धूमकेतू. १०६६ च्या एप्रिलमध्ये तो आकाशात दिसला होता. राज्याभिषेक जानेवारीतला, धूमकेतू त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. कापडावर मात्र दोघांमध्ये काही बोटांचं अंतर आहे. जणू मुकुट डोक्यावर ठेवला आणि आभाळाने उत्तर दिलं.

आणि आता खालच्या किनारीकडे बघा. सिंहासनावरचा हॅरोल्ड एकाचं बोलणं वाकून ऐकतोय आणि त्याच्या पायाखाली रिकाम्या होड्या तरंगतायत. नुसत्या बाह्यरेषा, आत माणूस नाही. विल्यमचं आरमार अजून बांधलंही गेलेलं नाही, त्याआधीच ते राजाच्या मनात शिरलंय. या होड्या हलवायच्या तर अगदी थोड्या, श्वास घेतल्यासारख्या. आवाज लांबच्या पाण्याचा. ढोल नको.

संगीताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. युद्ध म्हटलं की मोठा वाद्यवृंद, धडधडणारे ढोल, असं आपल्या कानांना सवयीचं झालंय. पण कापडाने स्वतःच काही आवाज दिलेत. एडवर्डची अंत्ययात्रा निघते तेव्हा तिरडीच्या खाली दोन लहान मुलं दोन्ही हातांत घंटा घेऊन चालतायत. नॉर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरून जेवायला बसतं, तिथे एकजण शिंग फुंकतोय. जहाजं बांधताना कुऱ्हाडी चालतायत, झाडं पडतायत, फळ्या तासल्या जातायत. घंटा, शिंग, कुऱ्हाड. त्यांच्यासोबत मठातल्या प्रार्थनेचा एकसुरी आवाज. संगीतकाराने एवढ्यावर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. बाकीची वाद्यं मागून आली तरी चालतील.

(दृश्य: जळतं घर. दोन माणसांच्या हातांत मशाली. समोर एक बाई, तिने मुलाचा हात धरलाय.)

हिक दोमुस इंसेंदितुर. इथे घर जाळलं जातंय. मुख्य पट्ट्यातल्या सहाशेच्या वर माणसांत बायका फक्त तीन, त्यांपैकी ही एक. हिचं नाव दिलेलं नाही. घर पेटवणारे सैनिक तिच्याहून उंच भरलेत. तिचा एक हात पुढे आलाय, काही बोलत असावी तसा. दुसऱ्या हातात मुलाची बोटं.

(संगीत थांबतं. फक्त ज्वाळांचा आवाज. मुलाची मान किंचित वळते. दुसरं काहीही हलत नाही. आठ सेकंद.)

(दृश्य: रणांगण. कोलांट्या खाणारे घोडे. खालच्या किनारीत पडलेली माणसं, त्यांच्या अंगावरची चिलखतं ओढून काढणारे हात.)

लढाई सुरू झाली की खालच्या किनारीतले पशुपक्षी निघून जातात. तिथे प्रेतं येतात, पुढे धनुर्धरही. वर घोडे उलटेपालटे होऊन पडतायत, एकाची मान जमिनीला टेकून दुमडलीय. आपण मेलेलो नाही हे सैन्याला कळावं म्हणून विल्यम शिरस्त्राण मागे सारून चेहरा दाखवतोय.

आणि मग हॅरोल्डचा मृत्यू. त्याच्या नावाच्या अक्षरांखाली एक माणूस उभा आहे, डोळ्याजवळ बाण. त्याच्या शेजारी दुसरा कोसळतोय, स्वाराची तलवार त्याच्या मांडीवर. यातला हॅरोल्ड कोण, यावर अभ्यासक आजही भांडतात. अठराव्या शतकात या कापडावरून काढलेल्या चित्रात पहिल्या माणसाच्या हातातली रेषा भाल्यासारखी दिसते, तिला बाणाची पिसं नाहीत. ती एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत आली असावीत.

(दृश्य: कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्याजवळ. लिननमध्ये बारीक छिद्रांची ओळ.)

आणि ही छिद्रं. कोसळणाऱ्याच्या डोक्यापाशी सुईच्या भोकांची एक ओळ आहे, धागा नाही. इथेही एके काळी काहीतरी भरलेलं होतं. कदाचित दोघंही हॅरोल्ड असतील. आधी उभा, मग पडलेला. एकाच माणसाच्या दोन फ्रेम, त्या घोडदळासारख्याच. ॲनिमेटरला इथे ठरवावंच लागतं. माझं ऐकाल तर पहिल्याला हळूच दुसऱ्यात वितळू द्यावं, आणि बाण दाखवू नये. ती छिद्रं दाखवावीत.

जुलै २०२५ मध्ये फ्रान्सने हे कापड काही महिन्यांसाठी ब्रिटिश म्युझियमला द्यायचं जाहीर केलं, तेव्हा प्रवासाचा धक्का त्याला सोसेल का, या काळजीने अनेकांच्या पोटात गोळा आला. साहजिकच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत ते गाडीवरच्या सामानावर झाकायला निघालं होतं, एका वकिलाने ते वाचवलं.

(दृश्य: कापडाचं शेवटचं टोक. विटलेलं, फाटलेलं. पळणारी इंग्रज माणसं.)

शेवटचा भाग हरवलाय. १०६६ च्या नाताळात विल्यमच्या डोक्यावर मुकुट चढला, पण तो प्रसंग या कापडावर नाही. पळणारी माणसं दिसतात आणि धागे संपतात.

(टापांचा आवाज हळूहळू विरतो. शेवटचा घोडा पाय उचलतो, तांबडा पाय. खाली टेकवत नाही. सुई कापडातून ओढली जाते. पडदा काळा.)