बियाण्यापासून 3 बोटं

उत्तर नायजेरिया, झारियाचा परिसर. जून महिना. पाऊस लागलाय आणि 75 सेंटीमीटरवर ओढलेल्या वरंब्यांवर मका टोकला जातोय. हौसा भाषेत मका म्हणजे मसारा, खत म्हणजे ताकी.

आता शेजारच्या रानातलं, 3 आठवड्यांचं हे रोप जवळून पाहा. खालच्या पानांवर टोकाकडून आणि कडेने जांभळट रंग चढलाय. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलं, म्हणून पानात तयार झालेली साखर वाढीला न लागता साठली. त्याचा हा रंग. आता वरून खत फोकून फारसं काही हाती लागत नाही.

नत्र पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येतं. स्फुरद मात्र हंगामभरात जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. मुळानेच त्याच्याकडे जायचं, आणि एवढ्याशा रोपाला मुळं ती किती! म्हणून ते पेरतानाच द्यायचं: बियाण्याच्या बाजूला 5 सेंटीमीटर, म्हणजे 3 बोटं, आणि तेवढंच खाली. बियाण्याला चिकटलं तर मिश्रखतातल्या क्षारांनी कोंब करपतो.

स्फुरदाची इथली नेहमीची मात्रा हेक्टरी 60 किलो. हा आकडा पोत्यावरच्या पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे फॉस्फरस अधिक ऑक्सिजन धरून. निव्वळ फॉस्फरस भरतो 26 किलो. या दोहोंत गल्लत झाली की मात्रा दुपटीहून जास्त चुकते. 15:15:15, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी 15 टक्के असलेलं मिश्रखत, घेतलं तर 50 किलोची 8 पोती लागतात. 75 बाय 25 सेंटीमीटरवर हेक्टरी 53 हजार रोपं, म्हणजे रोपामागे साडेसात ग्रॅम. शीतपेयाच्या बाटलीच्या झाकणात सुमारे 6 ग्रॅम मावतं; झाकण भरून वर एक चिमूट. पुढे 5-6 आठवड्यांनी युरिया, तोही मातीआड.

कोकणातली जांभ्याची माती किंवा ब्राझीलमधल्या सेराडोची माती लोह-अॅल्युमिनियमने स्फुरद घट्ट धरून ठेवते. झारियाची माती तितकी हट्टी नाही. तिच्यात स्फुरद मुळातच थोडं, सेंद्रिय कर्बही अगदी कमी. त्यामुळे एकदाच भरमसाट ओतण्यापेक्षा दरवर्षी बेताचं दिलेलं बरं; यंदा उरलेलं बरंचसं पुढच्या पिकाला लागू पडतं.

पण टनभर दाण्याबरोबर सुमारे 3 किलो फॉस्फरस रानाबाहेर जातो. ताटंही जातात, वैरणीला आणि कुंपणाला. सुगीनंतर फुलानी गुराखी रात्री रानात कळप बसवतात, आपल्याकडे धनगर मेंढ्या बसवतात तसेच. त्या शेणातून थोडं स्फुरद परत येतं, आणि खतातून न मिळणारा सेंद्रिय कर्बही.