टोपलीतला श्वास

मंडळी, व्याख्यानाआधी जमलेल्या चिठ्ठ्यांमधले प्रश्न वरवर एकमेकांशी नातं नसलेले वाटतात. आंबा पेंढ्यातच का पिकतो? कांदा फ्रिजमध्ये ठेवावा की नाही? केळी फ्रिजमध्ये काळी का होतात? मटकीला मोड येताना चार दाणे दगडासारखे का राहतात? या सगळ्यांचं मूळ एकच आहे. बाजारातून आणलेली फळं, कंद आणि कडधान्यं टोपलीत पडलेली असतानाही जिवंत असतात. त्यांच्या पेशी प्राणवायू घेतात, साठवलेली साखर जाळतात, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतात. झाडापासून तोडल्यावर त्यांना वरून मिळणारं अन्नपाणी तेवढं बंद होतं. पुढचे दिवस ती आपल्या शिदोरीवर काढतात.

हे घरी पाहता येतं. मोड येऊ लागलेली मूठभर मटकी काचेच्या बरणीत घाला. खायच्या चुन्याचं पाणी करून ते निवळू द्या आणि वरची स्वच्छ निवळी छोट्या वाटीत घेऊन ती वाटी बरणीत उभी ठेवा. झाकण घट्ट लावा. काही तासांनी निवळीवर पांढरी साय धरलेली दिसेल, आणि वाटी हलवली की पाणी गढूळ होईल. मटकीच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून हा पांढरा साका तयार होतो. दोन किलो मटकी फडक्यात गच्च बांधून ठेवली असेल, तर गाठोड्याच्या मधोमध हात घालून पाहा. तिथे ऊब लागते. ती याच श्वसनाची.

आता आंबा, कारण त्याच्यावरच सर्वांत जास्त चिठ्ठ्या आहेत.

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. 'चौदा आणे', म्हणजे सोळातले चौदा भाग तयार झाला की उतरवतात. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आलेले असतात, हिरवा रंग थोडा फिकट होतो, पाण्यात टाकला तर आंबा बुडतो. कोवळा आंबा तरंगतो, कारण त्याच्या गरात घन पदार्थ कमी असतात. हा घन पदार्थ बहुतांशी स्टार्च, म्हणजे पिष्ट असतो. आंबे पिकवायला पेंढ्यात थर लावून ठेवतात ती अढी. अढीत गोडी बाहेरून येत नाही. झाडाने आधीच भरून ठेवलेल्या पिष्टाचे तुकडे होऊन साखर बनते. म्हणून कोवळ्या आंब्याला कितीही ऊब द्या, त्याची साल पिवळी होईल, गर मऊ पडेल, पण गोडी यायची नाही. साखर बनवायला त्याच्याकडे मुळात मालच कमी असतो.

उतरवताना देठ दोन-तीन सेंटीमीटर राखतात, आणि त्यासाठीच कोकणात झेला, म्हणजे लांब काठीला लावलेली जाळी, वापरतात. देठ मुळापासून तुटला की तिथून चीक उसळतो. तो सालीवर ओघळला तर साल भाजते आणि पुढे काळे डाग पडतात. शिवाय उघडी जखम हा बुरशीला आत शिरायचा दरवाजा. देठाकडून कुजत गेलेला आंबा दिसला, तर बहुतेक वेळा चूक अढीत झालेली नसते, झाडाखालीच झालेली असते.

अढी लावताना खाली भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर एकमेकांना न दाबता आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, असे दोन-तीनच थर देतात. हवामानाप्रमाणे आठ-दहा दिवसांत आंबा तयार होतो. पेंढा इथे तीन कामं करतो. ऊब धरून ठेवतो, सालीजवळची हवा दमट ठेवतो म्हणून आंबा सुरकुतत नाही, आणि आंब्यातून निघणारा एक वायू सगळाच्या सगळा निसटू देत नाही. हा वायू म्हणजे इथिलीन.

त्याची ओळख मोठी गमतीची आहे. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं सरळ वाढायच्या ऐवजी आखूड, जाड होऊन आडवी वाढताहेत. दोष रोपांत नव्हता. दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वायूची गळती होत होती आणि त्यातलं इथिलीन रोपांना वेडंवाकडं करत होतं. पुढे १९३४ साली रिचर्ड गेन यांनी दाखवलं, की पिकणारी सफरचंदं हाच वायू स्वतः तयार करतात. म्हणजे झाडाला बाहेरून बाधणारी गोष्ट झाडाचं स्वतःचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, निघाली, आणि तेही वायुरूप! प्राण्यांची संप्रेरकं रक्तातून फिरतात, हे मात्र हवेतून शेजाऱ्याकडे जातं.

आंब्याच्या पेशीला इथिलीन लागलं की ती स्वतः आणखी इथिलीन बनवू लागते. म्हणून अढीत एक आंबा पुढे गेला की त्याच्या आजूबाजूचे भराभर पिकतात. श्वसनाचा वेग अचानक चढतो, पिष्टाची साखर होते, आंबटपणा देणारी आम्लं खर्ची पडतात. पेशींना पेशींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं आणि गर मऊ होतो. सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि केशरी रंगद्रव्य वाढतं. ही सगळी कामं वेगवेगळी विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात, आणि प्रत्येकाला तापमानाची आपापली आवड असते. अढी जाड लावली, तर आंब्यांच्या श्वसनाचीच उष्णता मध्ये कोंडते. मग गर लवकर मऊ होतो, साल हिरवट राहते आणि उकडल्यासारखा वास येतो. मधल्या थराचे आंबे बिघडतात, कडेचे चांगले निघतात. हे दिसलं, की समजावं अढी कोंडली.

घरी हेच करायचं तर पुठ्ठ्याचं खोकं घ्या, चार भोकं पाडा, वर्तमानपत्र किंवा पेंढा घाला आणि आंब्यांत एक-दोन पिकली केळी ठेवा. केळ्यातून भरपूर इथिलीन निघतं. चौथ्या दिवसापासून रोज हात फिरवून पिकलेले वेगळे काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र आंबे बांधू नका. इथिलीन बनवायच्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो आणि बंद पिशवीत तो संपतो. साचलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनचं काम रोखतो. पेशी मग प्राणवायूविना कसंबसं भागवतात, त्यातून अल्कोहोल तयार होतं आणि आंब्याला आंबूस वास मारतो. वरून पिशवीत सुटलेल्या घामावर करपा या बुरशीच्या रोगाचे काळे ठिपके वाढतात ते वेगळेच.

कार्बाइडबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. कॅल्शियम कार्बाइडला दमटपणा लागला की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कमकुवत. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, म्हणून भारतात फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. इथिलीन वायूने पिकवणं मात्र कायदेशीर आहे. मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांची. 'इथिलीनचा आंबा म्हणजे रसायनाचा आंबा' असं ऐकू येतं, ते चूक आहे. अढीतल्या आंब्यावरही तोच वायू काम करत असतो. फरक पडतो तो आंबा चौदा आणे होता की आठ आणे, याने.

हापूसमधल्या साक्याबद्दलही विचारलं आहे. मघाचा चुन्याचा साका वेगळा, हा वेगळा. बाहेरून देखणा आंबा, कापला की कोयीजवळचा गर पांढुरका, आंबट, पोकळ स्पंजासारखा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधनाने याचं एक सुंदर उत्तर दिलं आहे. आंब्याची कोय गव्हा-ज्वारीच्या दाण्यासारखी वाळून झोपत नाही. ती कायम ओली, कायम तयारीत. काही फळांत ती आतल्या आत रुजायला लागते आणि त्यासाठी लागणारं पाणी भोवतालच्या गरातून ओढून घेते. आपण ज्याला खराबी म्हणतो, ती कोयीच्या दृष्टीने नव्या झाडाची सुरुवात असते. आंबा झाडावर जितका जास्त थांबेल तितकी ही शक्यता वाढते. चौदा आण्यांवर उतरवायचं हेही एक कारण. उतरवलेली फळं तापल्या जमिनीवर पडू द्यायची नाहीत, लगेच सावलीत न्यायची.

हे वायूचं गणित सगळ्या फळांना लागू नाही. केळी, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो तोडल्यावर पिकतात. द्राक्ष, डाळिंब, लिंबू, संत्रं पिकत नाहीत. आंबट द्राक्षाचा घड आठ दिवस ठेवला तर सुकेल, गोड होणार नाही. म्हणून नाशिकचा बागायतदार गोडी मोजूनच घड कापतो. पिकलेल्या केळ्यांशेजारी कोथिंबीर ठेवलीत, तर तीही लवकर पिवळी पडते. पानाला इथिलीनचा अर्थ 'आता गळून पड' असा लागतो.

केळं फ्रिजमध्ये काळं होतं, कारण ते उष्ण प्रदेशातलं फळ आहे. साधारण १३ अंशांच्या खाली त्याच्या सालीतल्या पेशींची आवरणं बिघडतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं विकर आणि फेनॉल नावाची रसायनं एकत्र येतात आणि काळा रंग तयार होतो. कापलेलं वांगं काळवंडतं तेही असंच. पिकलेलं केळं असेल तर आतला गर बहुधा चांगलाच असतो. कच्चं केळं मात्र एकदा गारठलं, की बाहेर काढूनही नीट पिकत नाही.

आता कांद्याकडे वळू. एक कांदा उभा, शेंड्यापासून मुळापर्यंत कापा आणि भिंगातून पाहा. खाली मुळांच्या झुपक्यावर एक चपटी, टणक चकती दिसते. ते कांद्याचं खोड. आपण खातो ते त्या चकतीवरून निघालेले पानांचे मांसल बुंधे. अगदी मध्यभागी फिकट हिरवा कोंब असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. कांदा टिकणार की नाही, हे या कोंबाची झोप ठरवते.

काढणीनंतर काही आठवडे तो कोंब गाढ झोपतो. उन्हाळी कांदा शेतात काढून अशा ओळीत पसरतात, की मागच्या कांद्याची पात पुढच्या कांद्यावर येईल आणि ऊन थेट लागणार नाही. तीनेक दिवसांनी दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापतात आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवतात. मान सुकून मिटली की बुरशीची वाट बंद होते. मान जाड आणि ओली राहिलेला कांदा साठवणीच्या चाळीत सर्वांत आधी सडतो. चाळीला बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या भिंती आणि जमिनीपासून उचललेला, फटींचा तळ असतो, कारण ढिगातली ऊब आणि दमटपणा बाहेर पडायला हवा. थर चार-पाच फुटांपेक्षा उंच केला, तर खालचे कांदे दबतात आणि आतली हवा अडते.

कांद्याची झोप २५ ते ३० अंशांच्या उबेत टिकते आणि शून्याजवळच्या गारठ्यातही टिकते. मोडते ती मधल्या तापमानात, १० ते २० अंशांना. त्याला वाटतं हिवाळा सरला, वाढायची वेळ आली. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी, हवा गार आणि दमट झाली की चाळीत कोंब येऊ लागतात. फ्रिज शून्याइतका गार नसतो, म्हणून घरातही कांदा फ्रिजमध्ये ठेवू नका. जाळीच्या टोपलीत, कोरड्या हवेशीर जागी ठेवा, आणि बटाट्यापासून लांब. बटाटा सतत पाणी सोडतो, ते कांद्याला सोसत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या विकिरण प्रकल्पात कांद्याला गॅमा किरणांची छोटी मात्रा देतात. तिने त्या कोंबातल्या विभागणाऱ्या पेशी थांबतात. कांदा किरणोत्सारी होत नाही. पण कोंब जागा झाल्यावर मात्रा दिली तर उपयोग कमी, ती झोपेतच द्यावी लागते.

डोळ्यांतल्या पाण्याचं कारणही पेशींच्या कप्प्यांत आहे. गंधकाचं संयुग एका कप्प्यात, ते तोडणारं विकर दुसऱ्यात. सुरी चालली की दोन्ही भेटतात. त्यातून बनलेला पदार्थ दुसऱ्या एका विकराच्या तावडीत सापडतो आणि उडून जाणारं एक संयुग तयार होतं. ते डोळ्याच्या ओलाव्यात विरघळतं आणि तिथल्या मज्जातंतूंना झोंबतं. हे दुसरं विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधलं. लसणात पहिलं विकर असतं, दुसरं नसतं. म्हणून लसूण ठेचताना वास सुटतो, पाणी येत नाही. कांदा अर्धा तास गार करा, विकरं मंदावतील. सुरीला धार असू द्या, कारण बोथट सुरी पेशी कापण्याऐवजी चिरडते. अख्खा कांदा भाजला तर उष्णतेने विकरं आधीच मरतात आणि चिरताना काहीच होत नाही.

बटाट्याचं थोडक्यात. उजेडात तो हिरवा होतो. हिरवा रंग निरुपद्रवी हरितद्रव्याचा असतो, पण त्याबरोबरच सोलानिन हे विष वाढतं, आणि ते उकडून जात नाही. हिरवा भाग आणि डोळे खोल कापून टाका. चव कडू लागली तर अख्खा बटाटा टाका. फ्रिजमध्ये बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि तळताना काप काळपट होतात.

राहिली मटकी. आठ-दहा तास भिजवून पाणी काढायचं आणि फडक्यात सैल बांधायचं. पाण्यातच ठेवली तर गर्भाला हवा मिळत नाही, तो गुदमरतो आणि पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो. दगडासारखे राहिलेले कुचर दाणे मात्र मेलेले नसतात. त्यांची साल इतकी घट्ट असते की पाणी आत जातच नाही. रानात हा उपयोगी गुण आहे. सगळे दाणे पहिल्याच पावसात रुजले आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर वंशच संपेल. म्हणून थोडे दाणे मागे राहतात. असा एखादा दाणा वेगळा काढा, सुरीच्या टोकाने सालीवर बारीक चीर द्या, दाण्याच्या डोळ्यापासून जरा दूर, आणि पुन्हा पाण्यात टाका. सकाळपर्यंत तो फुगलेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही पांढरा मोड येईल.