‘नाटक करते’ म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, ‘हिस्ट्रिऑनिक व्यक्तिमत्त्व विकार : ओळख आणि उपचार’ असा विषय जाहीर झाला आहे, आणि समोर या क्षेत्रातली बरीच माणसं दिसताहेत. त्यामुळे व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे काय, इथपासून सुरुवात करत नाही. सतत सगळ्यांचं लक्ष आपल्यावर असावं ही टोकाची ओढ आणि भावनांचं नाट्यमय प्रदर्शन, एवढी या विकाराची खूण पुरे. माझा जुना हेका आधी मांडतो. या विकारात आपण सगळे रुग्णाकडे बघतो, बघणाऱ्यांकडे कोणीच बघत नाही.

आंद्रे ब्रुइये या चित्रकाराचं १८८७ सालचं ते भलंमोठं चित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पॅरिसचं साल्पेत्रिएर रुग्णालय. त्या काळचे नावाजलेले मेंदूविकारतज्ज्ञ शार्को व्याख्यान देताहेत. शेजारी ब्लांश विटमन ही हिस्टेरियाची रुग्ण, भान हरपून मागे कललेली. शरीरात दोष सापडत नसताना येणारे झटके, लुळेपणा यांना तेव्हा हिस्टेरिया म्हणत, आणि आजच्या आपल्या विकाराची कल्पना त्यातूनच आली. तिला सावरून धरलंय शार्कोंचे शिष्य बाबिन्स्की यांनी. हो, तेच, तळपायाच्या तपासणीला ज्यांचं नाव आहे ते. समोर खुर्च्यांवर पुरुषांची दाटी, सगळे टक लावून बसलेले. आता नजर डावीकडे, या प्रेक्षकांच्या मागच्या भिंतीवर न्या. तिथे एक रेखाटन टांगलंय : झटक्यात शरीराची कमान झालेली बाई. म्हणजे ब्लांशने डोळे उघडून समोर पाहिलं, तर प्रेक्षकांच्या डोक्यांवरून तिला काय दिसणार? आपण कसं पडायचं, ते.

शार्कोंना मी लबाड म्हणत नाही. या रुग्णांचं दुखणं त्यांनी खरं मानलं, हिस्टेरिया पुरुषांनाही होतो हे ठासून सांगितलं. तेव्हा एवढं म्हणायलाही धाडस लागत होतं. पण १८९३ मध्ये शार्को गेले आणि त्यानंतर ब्लांशचे झटके थांबले, असं सांगतात. ती त्याच रुग्णालयात आधी छायाचित्रणाच्या आणि मग क्ष-किरणांच्या विभागात काम करू लागली. त्या किरणांनी तिचं शरीर पोखरलं, अवयव कापावे लागले, १९१३ मध्ये ती वारली. ब्लांशचं नाव घेतलं की आपल्याला झटके आठवतात. हे दुसरं दुखणं फारच थोड्यांना ठाऊक असतं. पुढे बाबिन्स्कींनीच मांडलं की अशी लक्षणं दुसऱ्याने मनावर बिंबवलेल्या सूचनेतून उमटतात आणि समजावणीने ओसरतात. सूचना देणारे कोण होते, हा प्रश्न मी त्यांच्याही पुढे नेतो.

आता कोणीतरी म्हणेल, ते झटके वेगळे आणि आजचा हा विकार वेगळा. बरोबर आहे. झटके, लुळेपणा वगैरे आता दुसऱ्या निदानांखाली येतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये आली, तिच्यात हा व्यक्तिमत्त्व विकार आजच्या नावाने नोंदला गेला. सध्याच्या आवृत्तीत आठ निकष आहेत, त्यांपैकी किमान पाच हवेत : आपल्याकडे लक्ष नसलं की अस्वस्थ होणं, प्रसंगाला न शोभणारं लाडिक किंवा कामुक वागणं, झरझर बदलणाऱ्या उथळ भावना, लक्ष वेधण्यासाठी दिसण्याचा वापर, ठसका भरपूर पण तपशील नाही असं बोलणं, भावनांचं अतिरंजित प्रदर्शन, दुसऱ्याच्या प्रभावाखाली चटकन जाणं, आणि नुकत्याच झालेल्या ओळखीला जिवाभावाचं नातं समजणं. हे सगळं तारुण्याच्या सुरुवातीपासून, घरीदारी सगळीकडे आणि जगण्यात अडथळा आणणारं असायला हवं.

टाळ्या ज्याला मुळीच आवडत नाहीत, त्याने हात वर करावा. एकही नाही, आणि मला आश्चर्य वाटत नाही. कोणीतरी आपल्याला पाहावं, ही माणसाची गरजच आहे. विकार तिथे सुरू होतो, जिथे पाहणारं कोणी नसलं की आपण आहोत याचीच खात्री वाटेनाशी होते.

आणि इथे माझी तक्रार आहे. केसपेपरवर ‘अटेन्शन सीकिंग’, म्हणजे ‘लक्ष वेधण्यासाठी करतेय’, असे दोन शब्द लिहिले की पुढची तपासणी संपते, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. पोटात दुखतंय? नाटक. रात्रभर झोप नाही? नाटक. हा शिक्का बहुतेक वेळा बायकांवरच बसतो. १९८९ मध्ये फोर्ड आणि विडिगर या संशोधकांनी ३५४ मानसशास्त्रज्ञांना रुग्णांची वर्णनं दिली, काहींत फक्त स्त्री-पुरुष एवढाच फरक ठेवून. निदान करताना स्त्रीला हिस्ट्रिऑनिक ठरवण्याकडे कल दिसला. पण एकेक निकष वेगळा तपासायला सांगितल्यावर तसा पक्षपात दिसला नाही! माझ्या दृष्टीने आजच्या व्याख्यानातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. वर्तन एकेक करून पाहिलं की आपण बऱ्यापैकी न्यायी असतो. एकदम ‘ही त्यातली’ म्हटलं की घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणाने तर हे वेगळे कप्पेच बहुतांशी काढून टाकले. आता आधी विकाराची तीव्रता ठरवायची, मग स्वभावातले ठळक पैलू नोंदवायचे. मला हे पटतं.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, आणि उपचार तर अजून सुरूच झाले नाहीत. भरभर सांगतो.

या विकारावर म्हणून खास औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल, तर त्यासाठी औषधं द्यावीत. मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार, आणि तो लांब चालतो. या एकाच विकारावर नेटके तुलनात्मक अभ्यास थोडे आहेत, त्यामुळे अमुकच पद्धत श्रेष्ठ असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. मनोविकारतज्ज्ञ बेक यांच्या पद्धतीत, म्हणजे चुकीचे विचार तपासून बदलण्याच्या उपचारात, मुळाशी एक समजूत धरतात : ‘मी अपुरी आहे, एकटीने मला निभावणार नाही, म्हणून कोणीतरी माझ्यावर खूश असलंच पाहिजे.’ म्हणून प्रत्येक सत्रात एकच विषय ठरवून घ्यायचा. ‘सगळंच भयंकर झालं’ असं ऐकलं की शांतपणे विचारायचं : केव्हा, कोण काय बोललं, त्या क्षणी मनात काय आलं? तपशील भरू लागले की भावनेला आकार येतो आणि तिचं काय करायचं ते सुचू लागतं. मनोगतिक पद्धतीत, म्हणजे मनातले नकळत चालणारे संघर्ष उलगडणाऱ्या उपचारात, लक्ष मिळवण्याच्या याच ओढीची लहानपणापासूनची मुळं शोधतात. दोन्हीकडे रुग्ण आधी उपचारकालाच प्रेक्षक करू पाहतो. उपचारकाने भारावून जायचं नाही, वैतागायचंही नाही, सत्राची वेळ आणि नात्याची मर्यादा ढळू द्यायची नाही. स्तुती करणारा उपचारक आणि झिडकारणारा उपचारक, दोघेही त्या चित्रातल्या खुर्चीवरच बसलेले असतात.

घरच्यांनाही तेच सांगतो. आरडाओरड झाल्यावरच धावत जाऊ नका, साध्या दिवशी आपणहून जाऊन बसा. सरळ शब्दांत काही मागितलं, तर लगेच लक्ष द्या. ‘माझ्याशी बोल’ एवढं म्हणून काम होतं, हा अनुभव रुग्णाला मिळू द्या. फक्त जीव देण्याची भाषा आली, तर ‘हे नेहमीचंच’ म्हणून कधीही सोडून देऊ नका. प्रत्येक वेळी गंभीरपणे घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

समूह उपचारांवर बोलायचं राहिलं. कोणी विचारलं तर प्रश्नोत्तरांत घेतो.