तंजावरचा दिवस, मेलट्टूरची रात्र

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. देवळाच्या गोपुरातून आत शिरणारी पंचवीस-तीस मंडळी. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, हातात चपला.)

निवेदन:
वैशाखात तंजावर बघायचं तर पहाटेच निघावं लागतं. नऊ वाजले की अंगणातली फरशी तव्यासारखी तापते आणि मग शिल्पं बघायची सोडून सगळे सावली शोधत पळतात.

बृहदीश्वर. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं हे देऊळ. विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराची, उंची दोनशे फुटांहून जास्त आणि सगळं काम ग्रॅनाइटचं. गंमत म्हणजे आजूबाजूला सगळा कावेरीचा गाळ, भातखाचरं. हा दगड इथला नाहीच, तो लांबून वाहून आणलेला.

पण महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपला शिलालेख कुठे आहे हो?"

(दृश्य: प्राकाराची, म्हणजे देवळाच्या आवाराची भिंत. कॅमेरा अक्षरांवरून हळूहळू सरकतो.)

तो इथे आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत. नुसतीच वंशावळ असती तर दहा ओळींत आटोपली असती. इथे भिंतच्या भिंत भरली आहे. मंडळींतल्या एक काकू हवेत बोट फिरवत वाचू लागतात. अक्षरं ओळखीची, पण शब्द एकमेकांना चिकटलेले. एखादं नाव लागलं की त्या मागे वळून सगळ्यांना मोठ्यानं सांगतात आणि पुढच्याच ओळीत अडतात. गाइड घड्याळ बघतो. आम्ही म्हणू, बघू दे. या प्रवासातली सगळ्यात चांगली वीस मिनिटं हीच.

(दृश्य: राजवाडा. दुपार.)

दुपारी देऊळ बंद, म्हणून राजवाडा. वाडा मुळात नायकांचा, म्हणजे मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या घराण्याचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात इथे आले आणि त्यांच्या वंशाचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दरबार हॉल, मनोरे, कांस्यमूर्ती या गोष्टी पायांनी बघता येतात. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी मात्र थांबावं लागतं. ताडपत्रं, मोडी कागद, आणि सरफोजींच्या काळातली डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, प्रत्येक डोळ्याच्या रंगीत चित्रासह. राजाला नेत्रवैद्यकात रस होता, हे ऐकून मंडळींतले एक निवृत्त डॉक्टर काचेला नाक लावून उभे राहतात ते हलतच नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण तंजावरात मराठी शोधत फिरतो, पण इथल्या राजांनी स्वतःला मराठीपुरतं ठेवलं नव्हतं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे मराठीत नाटकं लिहीत होते, तीही सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं केलं त्याच्या सव्वाशे वर्षांहून अधिक आधी. तेच शहाजीराजे तेलुगूतही लिहीत. 'पंचभाषाविलास' या त्यांच्या नाटकात तर पाच भाषा आहेत, आणि राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. दरबारात हे कळत होतं, म्हणूनच लिहिलं ना!

(दृश्य: संध्याकाळ. बस भातशेतांमधून जाते. मेलट्टूर.)

आज नरसिंहजयंती. मेलट्टूरमध्ये भागवतमेळा आहे, म्हणजे देवळासमोर रात्रभर चालणारं नृत्यनाट्य. गाव तमिळ, नाटक तेलुगू. नायकांच्या काळी इथे ब्राह्मण कुटुंबांना जमीन मिळाली, पुढे भोसल्यांच्या राज्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्याच वेंकटराम शास्त्रींनी ही नाटकं रचली. सगळे नट पुरुष, स्त्रीभूमिकाही त्यांच्याच. एरवी नोकरीधंद्यासाठी बाहेर असलेली माणसं या दिवसांत गावी परततात.

(दृश्य: वरदराज पेरुमाळ देवळासमोरचा रंगमंच. मृदंग.)

आधी कोणंगी, म्हणजे विदूषक, येतो, नाचत, लोकांना हसवत. मग हत्तीचा मुखवटा घातलेलं एक पोर, गणपती. कोकणातल्या मंडळींना इथे एकदम दशावतार आठवतो : तोच आरंभीचा गणपती, तीच रात्रभराची बैठक. मग सुरू होतं 'प्रह्लादचरित्रमु'. लीलावती, म्हणजे प्रह्लादाची आई, लेकरासाठी नवऱ्याशी भांडते तेव्हा भाषा कळायची गरज उरत नाही. पोराचा हात एकदा इकडे, एकदा तिकडे ओढला जातो, आणि तिचे डोळे प्रत्येक वेळी उलट्या दिशेला.

नरसिंहाचा मुखवटा एरवी पूजेत असतो. तो घालणारा नट दिवसभर उपाशी असतो. खांबातून तो प्रकट होतो तेव्हा अंगात आल्यासारखा पुढे झेपावतो आणि चार-पाच जण त्याला कमरेला धरून मागे खेचतात. हे खेचणंही नाटकाचाच भाग आहे का, असं आमच्या कॅमेरामननं विचारलं. शेजारी बसलेले आजोबा हसले, उत्तर काही दिलं नाही.

सहलीच्या पत्रिकेत पुढची ओळ आहे : 'सकाळी ६, दारासुरमकडे प्रयाण.' आत्ता साडेतीन वाजलेत. काकू म्हणतात, झोप बसमध्ये काढू.